गयेला सोडलेली स्ट्रॉबेरी

अण्णा, तुमच्या तेराव्याला तुमच्या नावाच्या पानावर आंबा वाढला नाही. अक्कांनी अळणावरहून, स्वतःच्या परसातल्या झाडाचे आंबे पेंढ्यात घालून मुद्दाम आणले होते. बापाच्या पानाला लेकीच्या झाडाचा आंबा हवा, म्हणून त्यांनी स्वतः चिरला, फोडी पानाच्या कडेला मांडल्या, आणि मी त्या उचलून परत ताटलीत ठेवल्या. सगळे बघत होते. "हे काय करायलीस ग सुधा?" अक्का म्हणाल्या. तेव्हा चार माणसांत मला जे बोलावं लागलं, ते खरं तर तुमच्यापाशी बोलायचं होतं, चार वर्षांपूर्वी. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलेले असायचात, मी ओट्याशी असायची, आणि रोज वाटायचं, आज बोलू. सासऱ्याशी भांडायला मला कधी भीड वाटली नाही हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? माफी मागायला मात्र जीभ उचलली नाही.

म्हणून आता लिहिते आहे. वरातीमागून घोडं आहे हे मला कळतं. तरी लिहिते.

सुरुवात गयेपासून करायला हवी, आणि तिथे तर मी नव्हतेच. तुम्ही धारवाडच्या शाळेतून निवृत्त झालात त्या वर्षी तुम्ही आणि आई काशी-गयेला गेलात. गयेला अक्षयवटाखाली आवडतं एक फळ सोडायचं असतं, जन्मभरासाठी. आईंनी विचारसुद्धा केला नाही, म्हणाल्या, आंबा. पंड्याने तुमच्याकडे पाहिलं, आणि तुम्ही म्हणालात, स्ट्रॉबेरी. त्या बिचाऱ्याने हे नावच ऐकलेलं नव्हतं. त्याने तीनदा विचारलं, कौन सा फल? तुम्ही मास्तरच पडलात, तिथेही शिकवायला लागलात. लाल असते, अंगावर बारीक बिया असतात, थंड मुलखात होते. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "जो भी है, छूट गया." ही गोष्ट आई सांगायच्या तेव्हा तुम्ही पेपर तोंडासमोर धरायचात.

"तीस वर्षं पोरांना शिकवली, एकदा डोळ्यानं बघितली न्हाई, ती सोडून आले," आई म्हणायच्या. "मी आंबा दिला, ह्यांनी पुस्तकातलं चित्र दिलं. पुण्य दोघांना सारखंच!"

खरंच होतं ते. इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकातल्या एका धड्यात कुणीतरी विलायती मुलं उन्हात बसून स्ट्रॉबेरी आणि साय खात होती. तो धडा तुम्ही दरवर्षी शिकवलात. फळ्यावर लाल खडूने स्ट्रॉबेरी काढायचात, मुलं विचारायची, सर, चव कशी असते? तुम्ही काय सांगायचात ते मी तुम्हाला एकदा विचारलं होतं. म्हणालात, "करवंदासारखी सांगत होतो. खोटं की खरं, देव जाणे." तेव्हा मी खूप हसले होते. तुम्ही हसला नव्हतात.

माझ्या लग्नानंतर आईंचे दोन उन्हाळे माझ्या वाट्याला आले. त्या दोन्ही उन्हाळ्यांत मी पाहिलं, त्या आंबे चोळायच्या, रस काढायच्या, गाळायच्या, आणि चाखायच्या नाहीत. पातेल्यातला एक चमचा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात यायच्या, तुमच्या तोंडासमोर धरायच्या आणि एवढंच विचारायच्या, "साखर?" तुम्ही चाखून म्हणायचात, "साकु." कानडीतलं पुरे. तुम्ही मराठी शुद्ध बोलायचात, इंग्रजी तर त्याहून शुद्ध, पण पुरे म्हणायचं झालं की तोंडात साकुच यायचं. भात साकु, पाऊस साकु, सुधा तुझी बडबड साकु. रस झाला की आई तुमच्यासमोर बसायच्या आणि तुम्हाला वाटीवर वाटी वाढायच्या. मी नवी नवरी, मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, तुम्हाला काहीच वाटत नाही?" त्या म्हणाल्या, "वास घ्यायला बंदी न्हाई की ग." सात उन्हाळे त्यांनी वासावर काढले. आठवा त्यांना मिळालाच नाही.

त्यांच्यामागून तुम्ही धारवाडचं घर बंद करून आमच्याकडे, हुबळीला केशवापुरात राहायला आलात. त्या वर्षी आंबा तुम्ही खाल्लात. रसात साखर जास्त झाली होती, कारण कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही वाटी एकच घेतलीत.

आणि मग दोन वर्षांनी स्ट्रॉबेरी आपल्या घरी चालत आली. चालत कसली, बसने. माझा भाऊ पाचगणीला नोकरीला लागला आणि त्याने थंडीत कोल्हापूरकडून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती एक करंडी पाठवली. तुम्हीच स्टँडवर जाऊन सकाळी ती घेऊन आलात. करंडीतलं ओलं गवत बाजूला केलं आणि कितीतरी वेळ नुसते पाहत उभे राहिलात. मग एक फळ बोटांत धरून, चष्मा कपाळावर सरकवून, म्हणालात, "मी बिया जरा मोठ्याच काढत होतो." मी म्हटलं, "घ्या की अण्णा, एक घ्या." तुम्ही फळ परत जागेवर ठेवलंत. "सोडली आहे ग."

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते आजतागायत मिटलेलं नाही.

माझं म्हणणं अगदी सरळ होतं. तुम्ही ती सोडलीत तेव्हा ती तुमची आवडती नव्हती, म्हणजे ते सोडणं मुळात झालंच नाही. देव काय इतका खुळा आहे? तुम्ही म्हणायचात, "म्हणूनच की ग. तेव्हा खोटं सोडलं होतं. आता खरं करायची वेळ आली." मी म्हणायची, कुणासाठी? आई तर गेल्या. त्यावर तुम्ही एकदाच उत्तर दिलंत. "ती सात उन्हाळे माझ्यासमोर बसली होती, सुधा. आणि मी चोखत होतो." त्या दिवशी मी विषय सोडला. दुसऱ्या दिवशी परत सुरू केलं, कारण मी मीच आहे.

गंमत अशी की घरात स्ट्रॉबेरीचं सगळ्यात जास्त तुम्हीच केलंत. आपल्या गल्लीच्या टोकाला रेल्वेतल्या एका साहेबांच्या बायको राहायच्या, पाँडिचेरीच्या. आपण त्यांना पाँडिचेरीच्या बाईच म्हणायचो. त्यांची आजी कुठल्याशा फ्रेंच घरात स्वयंपाकाला होती, आणि तिच्याकडून आलेला एक पदार्थ त्यांनी मला शिकवला. शार्लोत. साच्याच्या कडेने बिस्किटं उभी लावायची, आत फेटलेली साय आणि स्ट्रॉबेरीचा गर घट्ट करून भरायचा, थंडावला की उलटा करायचा. वर अख्खी फळं. ऐकायला सोपं. पण त्यात अंडी होती आणि जिलेटीन होतं, आणि जिलेटीन जनावरांच्या हाडांचं करतात हे बाईंनी सांगितल्यावर मी वहीच मिटली. तुम्ही म्हणालात, वही उघड. अंड्याच्या जागी कस्टर्ड पावडरचं दूध आणि जिलेटीनच्या जागी चायना ग्रास, हे तुमचं डोकं. साच्याच्या जागी आईंचा पितळी डबा, ताजी कल्हई करून. बेकरीतले लांबट गोड टोस्ट दुधात बुडवून कडेला.

पहिल्या वेळी काय झालं ते आठवतं? मी साय घेतली, रवी घेतली आणि घुसळायला बसले. आमचे हात लहानपणापासून एकच शिकलेले, साय घुसळायची ती लोणी येईपर्यंत. मी थांबलेच नाही. स्ट्रॉबेरीचा रस घालून घुसळत राहिले, घुसळत राहिले, आणि बघता बघता गुलाबी लोण्याचा गोळा वर आला, खाली गुलाबी ताक. मी रडकुंडीला आले. तुम्ही ते ताक पाहून इतके हसलात, इतके हसलात, की आई गेल्यानंतर तुम्हाला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. तो लोण्याचा गोळा आम्ही चार दिवस पोळीला लावून खाल्ला. ह्यांना तर तोच आवडला. तुमच्या मुलाला काय, लोणी असलं की झालं.

मग तुम्ही काम हातात घेतलंत. धारवाडच्या एका गवळ्याकडे दुधातून साय वेगळी काढणारं, हाताने फिरवायचं यंत्र होतं, तिथून न तापवलेल्या दुधाची कच्ची साय तुम्ही बसने डब्यातून आणायचात. जुन्या हुबळीतल्या एका तारकाम करणाऱ्याला चित्र काढून दिलंत आणि तारेचा फेटणा करून घेतलात. परातीत बर्फ, बर्फात पातेलं, पातेल्यात साय, आणि पाटावर तुम्ही. तुम्ही जन्मात कधी ताक केलं नव्हतं, तेच कामाला आलं. तुमच्या हाताला लोणी काढायची सवयच नव्हती. तुम्ही कान लावून फेटायचात. आधी पाण्यासारखा आवाज, मग जाड, मग एकदम दबका. त्या दबक्या आवाजावर तुम्ही हात उचलायचात आणि म्हणायचात, "साकु." एक हात जरी पुढे गेला असता तर लोणी झालं असतं. तुमचा कधी गेला नाही. कुठे थांबायचं हे तुम्हाला कळायचं, अण्णा. मला नाही कळलं, ना सायीत, ना दुसऱ्या कशात.

बाईंना पहिली फोड नेऊन दिली तेव्हा त्यांनी डोळे मिटून खाल्ली आणि म्हणाल्या, "यह शार्लोत नहीं है. उसकी मौसेरी बहन है. मगर अच्छे घर की." तुम्ही हे वाक्य पुढे कितीतरी जणांना ऐकवलंत. पाहुण्यांना फोड द्यायची आणि वर सांगायचं, ही मावसबहीण बरं का. आणि स्वतः त्यांच्यासमोर चहाचा कप घेऊन बसायचं. साय चाखायचात तुम्ही, फळ पडायच्या आधी. मी चमचा पुढे करायची, "साखर?" तुम्ही म्हणायचात, "साकु." मग मी गर घालायची, आणि तिथून पुढे तुमचं तोंड बंद. मला वाटायचं, असं कसं चालेल? ज्याने सगळं केलं त्यालाच चव माहीत नाही. माणूस सत्तरी ओलांडून गेला. ही चव न घेताच हा जाणार का? माझा जीव तुटायचा, आणि जीव तुटला की मला राग येतो. रागात माणूस काय करेल याचा नेम नाही.

त्या वर्षी तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. डॉक्टर म्हणत होते अजून पिकले नाहीत, थांबा. तुम्हाला उजेड दिसायचा, माणूस दिसायचा, फिके रंग दिसायचे नाहीत. पांढरा नि फिकट पिवळा तुम्हाला एकच. मी ते पाहून ठेवलं होतं. जानेवारीतली दुपार होती. तुम्ही साय फेटलीत, साकु म्हणालात, हात पुसलेत. मी ओट्याकडे पाठ करून त्यातला एक डाव वेगळा काढला, त्यात चार चमचे स्ट्रॉबेरीचा गर घातला आणि हलकेच फिरवला. फिका गुलाबी रंग आला. स्वयंपाकघरात तसाही फळाचा वास भरलेला होता. मी चमचा भरला, तुमच्यासमोर आले आणि रोजच्या आवाजात विचारलं, "साखर?"

तुम्ही तोंड उघडलंत, विश्वासाने. आईंपुढे उघडायचात तसं.

मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तुम्ही चमचा तोंडातून सोडलात आणि थांबलात. डोळे मिटलेत. गिळलं नाहीत, थुंकलं नाहीत. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण बर्फाचा एक खडा परातीत वितळून सरकला तो आवाज मी ऐकला. मग तुमच्या गळ्याची हालचाल झाली. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्या दिशेने पाहिलंत आणि म्हणालात, "साकु." मग उठलात, बाहेर नळावर जाऊन चूळ भरलीत आणि आपल्या खोलीत गेलात.

मला वाटलं जिंकले. खोटं कशाला सांगू, पाच मिनिटं मला फार आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही म्हणालात, "आज मला जेवण नको. एकादशी आहे." मी बरं म्हटलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. षष्ठी होती. तुम्ही तिथी चुकणारे नव्हेत, अण्णा. पंचांग न बघता तुम्हाला चतुर्थी-एकादशी तोंडपाठ. मी कॅलेंडरसमोर उभीच राहिले. ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, दूध उतू जाईल. त्या दिवशी बोलले असते तर तुम्ही चार शब्द सुनावले असतेत, मी रडले असते, संपलं असतं. पण तुम्ही मला लाज वाटू नये म्हणून एकादशी काढलीत, आणि मी त्या एकादशीच्या आड लपले.

तरी मला वाटलं, एका उपासावर भागलं. एप्रिलच्या शेवटी अक्कांनी अळणावरहून आंब्याची पेटी पाठवली. दरवर्षीसारखी तुम्हीच उघडलीत. वरचा एक आंबा घेतलात, देठाशी नाक नेलंत, आणि माझ्या हातात दिलात. "चांगला आहे. मुलांना दे. मला यंदापासून नको, पोटाला सोसत नाही." ह्यांनी डॉक्टरांना विचारलं, अक्कांनी फोन करून विचारलं. सगळ्यांना पटलं, वय झालं. एकटी मी तुमच्याकडे पाहत होते. तुमची स्ट्रॉबेरी मी मोडली होती, म्हणून तुम्ही आईंचा आंबा सोडलात. या खेपेला खरा.

पुढचे चार उन्हाळे कसे गेले ते तुम्हाला माहीत नाही. माहीत असेलही. मी रस काढायची, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात बसायचात, आई तुमच्यासमोर बसायच्या तसे, आणि तुम्ही मला विचारायचात, "गोड आहे का ग?" मी हो म्हणायची. आणि थंडीत परत करंडी आली की तुम्ही परत पाटावर, परत फेटणा, परत साकु. त्या पहिल्या थंडीत मी एक फोड बशीत घालून तुमच्यापुढे ठेवली. मनात म्हटलं, एक सोडलंत, निदान दुसरं तरी घ्या. तुम्ही बशी हलकेच ह्यांच्याकडे सरकवलीत. म्हणजे दोन्ही. मी एक चमचा दिला आणि तुम्ही त्याची भरपाई दोन फळांनी केलीत.

मला तुमचा राग आला होता, हे पण लिहून टाकते. एवढं मनाला लावून घ्यायचं? एक चमचा! मोतीबिंदू काढल्यावर तुम्हाला पुन्हा लख्ख दिसायला लागलं आणि तुम्ही मला म्हणालात, "सुधा, तू वाळलीस." त्या क्षणी सगळं सांगणार होते. तेवढ्यात गॅसवाला आला.

यंदा फेब्रुवारीत तुम्हाला पाटावर बसवेना. खुर्ची आणली. तरी फेटणा तुम्ही सोडला नाहीत. आवाज दबका झाला, तुम्ही साकु म्हणालात, आणि शार्लोत झाली. करंडीतली उरलेली फळं वाया जाऊ नयेत म्हणून तुम्हीच सांगितलंत, पाकात घालून बरणी भरून ठेव. मी भरली. बरणीचं झाकण तुम्ही घट्ट करून दिलंत. मेमध्ये तुम्ही गेलात. सकाळचा चहा घेऊन, पेपर मांडीवर ठेवून, कुणाला हाक न मारता. मला हाक मारली असतीत तर बरं झालं असतं.

तेराव्याच्या दिवशी पहाटे उठून मी बर्फ काढला, परात मांडली. का, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. पाटावर बसले आणि आदल्या दिवशी धारवाडहून मागवलेली साय फेटायला घेतली. हात माझं ऐकेना, त्याला लोण्यापर्यंत जायचं होतं. मी कान लावला. पाण्यासारखा, मग जाड. मग मला स्वतःच्याच तोंडून ऐकू आलं, "साकु." हात उचलला. साय जागेवर उभी होती, अण्णा. पहिल्यांदा मला थांबता आलं. बरणीतली फळं त्यात घातली आणि एक वाटी भरून, झाकून फ्रीजमध्ये ठेवून दिली. वाढायचा धीर नव्हता.

मग अक्कांनी तुमच्या पानावर आंबा मांडला.

"अण्णांनी आंबा सोडला होता," मी म्हटलं. अक्का म्हणाल्या, "सोडला कुठला? त्यांना सोसत नव्हता." मी म्हटलं, "सोसत होता. माझ्यामुळे सोडला." आणि सगळं सांगितलं. चमचा, मोतीबिंदू, खोटी एकादशी. हे खाली मान घालून ऐकत होते. अक्का ताटली हातात घेऊन तशाच उभ्या. मला वाटलं, आता त्या मला बोलतील, आणि बोलाव्यात असं फार वाटत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "चार वर्षं मी पेट्या पाठवत होते. अण्णा वास घेत होते का ग?" मी म्हटलं, "प्रत्येक आंब्याचा." त्या डोळ्यांना पदर लावून खाली बसल्या. डोळे पुसून त्याच म्हणाल्या, "मग त्यांच्या पानाला काय वाढतीस?"

मी वाटी आणली. भटजींकडे पाहिलं. "यांनी हेही सोडलं होतं. मोडलं ते मी," मी म्हटलं. "चालेल का?" साठीला आलेत ते, तुमच्याच शाळेत शिकलेले, तुमच्या हातची छडी खाल्लेले. वाटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "हीच का ती, फळ्यावरची?" मी मान हलवली. "सोडणं जित्या माणसाचं असतं, बाई. सर आता मोकळे झाले. मोडल्याचं काय ते तुमच्याकडे राहिलं. वाढा."

माझ्याकडे राहिलं, ते राहू दे. मला ते जड नाही, निदान आता लपवायचं नाही. एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या दुपारी तुम्ही डोळे मिटून थांबलात तेव्हा तुम्हाला कळलं होतं की मी फसवलं, की तीस वर्षं फळ्यावर काढलेल्या फळाची चव लागली म्हणून थांबला होतात? करवंदासारखी होती का, अण्णा? दोन्ही असेल का? चार वर्षं मी हे विचारू शकले असते आणि विचारलं नाही, कारण विचारायला आधी कबूल करावं लागलं असतं.

मी पानासमोर बसले. चमचा भरला, फळासकट, लाल दिसेल असा. सगळ्यांच्या देखत, मोठ्याने म्हटलं, "अण्णा, यात स्ट्रॉबेरी आहे. सांगून वाढते आहे."

आणि मग हळू विचारलं, "साखर?"